साहेबांचे पाच मासे

गेल्या रविवारी फोनवर धाकटीने विचारलं, की तिच्या काचेच्या टाकीतले कॅटफिश अंडी का घालत नाहीत. दुकानदाराने तिला पाणी गरम ठेवायची कांडी विकली, कसल्याशा गोळ्या विकल्या, तरी काही होत नाही. मागून थोरल्याचा आवाज आला, "पण आजीला काय माहीत त्यातलं?" मला कमी ऐकू येतं असं तुम्हा सगळ्यांना वाटतं आणि मी ते तसंच राहू दिलं आहे. आजीला काय माहीत ते आता क्रमाने लिहिते. मासे कसे वाढवायचे ते यात येईलच, पण ते एका माणसाची जिरवण्याच्या गोष्टीत असं मिसळलेलं आहे की मला दोन्ही वेगळं काढता येत नाही. काढायची इच्छाही नाही.

गोष्ट एकोणीसशे पन्नास ते साठच्या दरम्यानची. पिंपरीत तेव्हा मुंबईचा रस्ता होता, रेल्वे होती, रुळांपलीकडे फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांचा कॅम्प होता आणि बाकी सगळा बाभळींचा माळ. त्या माळावर रसायनांचा एक नवा कारखाना उभा राहिला आणि त्याची वसाहत. तुमचे आजोबा तिथे प्रयोगशाळेत लागले होते, अजून कायम झाले नव्हते. मी पुण्याच्या कॉलेजातून प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते. सगळं शिक्षण इंग्रजीतून, वर्गात आम्ही दोनच मुली. लग्न होऊन या माळावर आले तेव्हा माझ्या ट्रंकेत साड्यांखाली बेडूक कापायची पेटी होती. ती उघडायची वेळ येईल असं वाटत नव्हतं. मग वसाहतीत शाळा निघणार असं कळलं आणि शाळेला विज्ञानाची शिक्षिका हवी होती.

मला ती जागा हवी होती. किती हवी होती हे आज तुम्हाला समजणार नाही, कारण तुमच्या आईला कुणाची परवानगी न मागता नोकरी मिळाली. मी रोज सकाळी पोळ्या लाटताना मनात सहावीच्या वर्गाला फुलपाखराचं जीवनचक्र शिकवत असे.

शाळेच्या समितीचे प्रमुख म्हणजे आजोबांचे साहेब. आजोबांना कायम करणं त्यांच्या हातात, शाळाही त्यांच्या हातात. त्यांच्या बंगल्यात दिवाणखान्यात लोखंडी चौकटीची काचेची टाकी होती आणि तिच्यात मुंबईहून बोटीवरच्या कुणाकडून मिळवलेले पाच कॅटफिश. बोटाएवढे, अंगावर तांबूस पितळी चिलखत, तोंडाशी मिशा. तळाच्या वाळूत तोंड खुपसून चरायचे आणि मधेच सुळकन वर येऊन हवेचा घोट घेऊन परत खाली जायचे. साहेब वेताच्या खुर्चीत बसून पाइप ओढत त्यांच्याकडे समोरून बघत आणि पाहुण्यांना सांगत की या माशांची पिल्लं हिंदुस्थानात अजून कुणी काढलेली नाहीत. खरं होतं की नाही देव जाणे. त्यांच्याकडे एक इंग्रजी पुस्तक होतं. पुस्तक म्हणे हे उष्ण देशातले मासे, म्हणून साहेबांनी पिंपरीच्या उन्हाळ्यातसुद्धा टाकीवर विजेचा दिवा लावून ठेवला होता.

त्यांना वर्षभराच्या प्रशिक्षणासाठी परदेशी जायचं होतं. मासे कुणाकडे ठेवायचे हा प्रश्न. आजोबांनी भीतभीत माझं नाव सांगितलं, माझ्या पदवीसकट. साहेब स्वतः आमच्या क्वार्टरवर आले. मी शाळेच्या जागेचा विषय काढला तेव्हा हसले. म्हणाले, "वहिनी, पदवी कागदावर सगळ्यांचीच असते. हे पाच जगवून दाखवा, मग शाळेचं बघू. आणि पिल्लं काढून दाखवलीत, तर तुम्हाला अर्जसुद्धा करावा लागणार नाही." आजोबा तिथेच उभे होते, चहाचा ट्रे हातात धरून माझ्या सासूबाईही. हे वाक्य आम्ही तिघांनी ऐकलं. नीट लक्षात ठेवा.

टाकी आमच्याकडे आली. सासूबाई रत्नागिरीकडच्या, समुद्राचा मासा खाऊन वाढलेल्या. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "हा तर शिंगाळा. पण एवढ्याचं कालवण बोटाला पण लागायचं नाय गो." टाकी ठेवायला आमच्या दोन खोल्यांत जागा एकच होती, स्वयंपाकघरात माठाशेजारी, जमिनीवर, एका बुटक्या चौरंगावर. मी त्याच्याजवळ बसून भाजी निवडायची. त्यामुळे मी मासे वरून पाहिले. साहेबांनी ते कधीच वरून पाहिले नव्हते, कारण त्यांची टाकी खुर्चीच्या उंचीवर होती आणि वर दिव्याचं झाकण होतं.

धाकटे, हे तुझ्यासाठी: समोरून हे मासे सगळे सारखे दिसतात. वरून पाहिलंस तर काही सडपातळ दिसतील, डोक्यापासून शेपटीपर्यंत एका रेषेत. काही मधोमध रुंद दिसतील, पोटाशी फुगीर. सडपातळ ते नर, रुंद त्या माद्या. त्या पाचांत तीन नर आणि दोन माद्या होत्या. एवढं कळायला मला एक मेथीची जुडी निवडण्याइतका वेळ लागला.

मी दिवा काढून टाकला. आमचं वीजबिल साहेब भरणार नव्हते, हे एक कारण. आणि दुसरं असं की उन्हाळ्यात आमच्या पत्र्याखाली आम्हालाच उकडून येत होतं. खायला मी त्यांना गांडुळं चिरून दिली, आणि अंगणातल्या पिंपात डासांच्या अळ्या वाढवल्या. मलेरियाचा इन्स्पेक्टर दर आठवड्याला अळ्या मारायला तेलाचा डबा घेऊन यायचा. त्याला पिंप दिसू नये म्हणून सासूबाई त्याच्यावर पाट ठेवून बसायच्या आणि गुडघेदुखीचं औषध विचारत राहायच्या, तो कंटाळून जाईपर्यंत. अळ्या खाऊन माद्या अशा रुंद झाल्या की वरून बघताना मला हसू यायचं.

पण अंडी नाहीत. चैत्र गेला. वसाहतीचं पाणी उंच टाकीतून यायचं आणि नळातून बाहेर पडतानाच कोमट असायचं. माशांच्या टाकीतलं पाणी आटलं की मी तेच कोमट पाणी वर घालत होते, साहेबांच्या पुस्तकात होतं तसंच.

आता सासूबाईंच्या माठाबद्दल. हा माठ त्यांनी आळंदीहून मांडीवर घेऊन बसमधून आणला होता आणि त्यांचा नियम कडक होता: रात्रभर माठात राहिलेलं पाणी शिळं. सकाळी ते ओतायचं, माठ आतून हाताने विसळायचा आणि मग ताजं भरायचं. ते ओतलेलं पाणी मी तुळशीला घालत असे. एका सकाळी तुळशीपाशी आधीच चिखल झालेला होता आणि टाकीतलं पाणी चार बोटं खाली गेलेलं होतं. मी ते शिळं पाणी, गारेगार, सगळंच्या सगळं टाकीत ओतलं. पदवीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. पाणी फुकट जाऊ नये एवढाच विचार होता.

मासे वेडे झाले. तिन्ही नर एका मादीच्या मागे, तिच्या पाठीवरून, अंगाखालून. मी विळी बाजूला ठेवली. मादीने एका नराच्या पोटाशी तोंड लावलं, दोघं आडव्या-उभ्या रेघांसारखी क्षणभर स्तब्ध राहिली, आणि मग ती एकटी काचेकडे निघाली. पोटाखालचे दोन पर तिने ओंजळीसारखे जुळवले होते आणि त्या ओंजळीत अंडी होती. काच तिने तोंडाने साफ केली, मग पोट टेकवून अंडी चिकटवली, आणि परत नराकडे. सासूबाई माझ्या खांद्यावर हात ठेवून वाकून पाहत होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "काच पुसून मग पोरं ठेवते. शाणी हाय." त्या दिवसापासून त्यांनी कालवणाचा विषय काढला नाही.

का झालं हे मी नंतर विचार करून काढलं. या माशांच्या मुलखात पावसाळा आला की नदीचं पाणी एकदम गार होत असणार. गार पाणी म्हणजे पिल्लांना खायला मिळायचे दिवस. मी पुन्हा कोमट पाणी घालून पाहिलं, काही नाही. माद्या पुन्हा रुंद होऊ दिल्या, माठातलं घातलं, पुन्हा अंडी. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच. याला प्रयोग म्हणतात, आणि तो मी केला.

अंडी टाकीत ठेवली तर आईबापच खातात, म्हणून मी ती बोटाने अलगद सोडवून वेगळ्या पाण्यात ठेवायला लागले. पहिल्या वेळची बरीचशी बुरशीने पांढरी होऊन गेली. मग आजोबांनी प्रयोगशाळेतून, जंतू रंगवायला वापरतात त्या निळ्या रंगाचे चार थेंब कुपीतून आणले. सासूबाईंना वाटलं मी माशांना धुण्याची नीळ घालते आहे. पिल्लं निघाली ती पापणीच्या केसाएवढी. कोंबडीच्या उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून घालायचा, चिमटीपेक्षा कमी, आणि उरलेला लगेच काढायचा, नाहीतर पाणी नासतं. दिवाळीपर्यंत माझ्याकडे पिल्लांचा एक आख्खा थवा होता आणि त्यांना ठेवायला आजोबांनी आणलेली, काठावर तडा गेल्यामुळे प्रयोगशाळेतून बाद झालेली काचेची मोठी हंडी.

साहेब परत आले. थवा पाहून त्यांच्या तोंडातला पाइप खाली आला. माझ्याकडून सगळं ऐकून घेतलं, हे असं का, ते तसं का. मी आनंदाने सांगत सुटले. फक्त माठाचं तेवढं राहून गेलं, कारण तेवढ्यात त्यांना कुणी बोलवायला आलं. त्या रात्री मी सहावीच्या वर्गाला शिकवायचे धडे मनात लावून ठेवले.

पुढच्या आठवड्यात क्लबच्या हॉलमध्ये शाळेची सभा होती. आम्ही बायका मागच्या खुर्च्यांवर होतो. साहेबांनी परदेशातल्या गोष्टी सांगितल्या आणि मग माशांवर आले. म्हणाले, मी जाण्यापूर्वी सगळी आखणी करून गेलो होतो, खाणं, पाणी, उजेड, सगळं. हिंदुस्थानात ही पिल्लं पहिल्यांदा आपल्या वसाहतीत निघाली. टाळ्या झाल्या. मग त्यांनी सांगितलं की विज्ञान शिकवायला त्यांच्या मेहुणीची नेमणूक झाली आहे. मेहुणी इतिहासाची पदवीधर होती. बाहेर पडताना साहेब आजोबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "वहिनींचा हात चांगला आहे हं. मोलकरणीच्या हाती दिले असते तर मेलेच असते मासे."

आजोबा काही बोलले नाहीत. बोलू शकत नव्हते. त्यांची कायम झाल्याची ऑर्डर अजून निघायची होती. मला त्यांचा राग आला नाही. सगळाच्या सगळा राग मी एका माणसासाठी राखून ठेवला होता. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं तेव्हा सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. निवडता निवडताच म्हणाल्या, "आता मासे कवा परत मागतोय तो?"

मी म्हटलं, दिवाणखान्याला रंग काढून झाला की.

"मग देऊया की," त्या म्हणाल्या. "त्याचं त्याला देऊया."

त्या क्षणी मला सगळं एकदम दिसलं. पुढचे दोन महिने मी कुणावर इतकं प्रेम केलं नसेल तितकं त्या पिल्लांवर केलं. थव्यातली थोरली आता आईबापांएवढी झाली होती. मी रोज चौरंगापाशी बसून वरून पाहत राहिले. कोण सडपातळ राहतं, कोण रुंद होतं. निवड पक्की होईपर्यंत मी भाजी निवडायला दुसरीकडे बसले नाही.

शिपाई टाकी न्यायला आला तेव्हा टाकीत पाच मासे होते. जुने तीन नर, आणि त्यांचेच दोन मुलगे. पाचही एका रेषेतले. दोन्ही माद्या आणि बाकी थवा तडा गेलेल्या हंडीत, पडद्याआड. पिल्लं साहेबांनी मागितली नव्हती; आपले पाच हाती आले की हवी तेवढी काढू असं त्यांना वाटत होतं. आजोबांना मी आधीच सांगितलं होतं. ते चष्मा पुसत म्हणाले, "त्यांना कळलं तर?"

"कळायला टाकीवर वाकावं लागेल," मी म्हटलं. "ते खुर्चीतून उठायचे नाहीत."

ते उठले नाहीत. उन्हाळा आला आणि साहेबांनी मुंबईच्या मासे पाळणाऱ्या हौशी मंडळींना बोलावून ठेवलं, की या, तुमच्यासमोर अंडी घालायला लावून दाखवतो. मग मला बंगल्यावर बोलावणं आलं. काही राहून गेलं होतं का सांगायचं, असं त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं, माठासकट. एक अक्षर खोटं नाही. दिवा काढा, अळ्या घाला, आणि ऐन वेळी माठातलं रात्रीचं पाणी ओता. त्यांनी ते मान हलवत ऐकलं आणि नवा माठ आणवला.

पाहुणे आले त्या दिवशी मलाही बोलावलं होतं. का, तर बाईसाहेबांना चहाला मदत हवी होती. मी चांगली साडी नेसले. साहेबांनी माठातलं पाणी स्वतःच्या हाताने ओतलं, आपल्या संशोधनाबद्दल बोलत बोलत. सगळे खुर्च्या सरकवून बसले. मासे थोडे उधळले, वर आले, हवा घेतली, खाली गेले. चहा झाला. चिवडा झाला. कुणीतरी घड्याळ बघितलं. साहेब म्हणाले, कधी कधी वेळ लागतो. दुसऱ्यांदा चहा झाला.

पाहुण्यांत एक म्हातारे गृहस्थ होते, काठी घेऊन चालणारे. ते उठले, झाकण बाजूला केलं आणि टाकीवर वाकले. बराच वेळ वाकून राहिले. मी कपबश्या गोळा करत होते. हातातली बशी मी धरूनच ठेवली, आवाज होऊ नये म्हणून.

"अहो," ते म्हणाले, "हे तर पाचही नर आहेत."

ते काठी टेकत साहेबांकडे वळले.

"हेच मासे ना तुमचे? मग गेल्या वर्षी अंडी घातली कुणी?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मीही त्यांच्याकडे पाहिलं. मासे बदलले म्हणावं, तर ते वर्षभर कुणाकडे होते हे सांगावं लागणार होतं. आणि आपल्याला नर-मादी ओळखता येत नाही हेही. ते पाइप भरायला लागले. एक पाहुणा खोकला. खोकला नव्हता तो, हसू होतं. मी बश्या आत नेऊन ठेवल्या आणि बाईसाहेबांना न सांगता घरी आले. आयुष्यात पिंपरीचा तो रस्ता मला तेवढा सुंदर कधी वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब आमच्या दारात. पडदा त्या दिवशी मी मुद्दाम बाजूला सारून ठेवला होता. हंडीच्या काचेवर ताजी अंडी होती. ते पाहून त्यांचा आवाज चढला. "वहिनी, या माद्या माझ्या आहेत."

"साहेब, तुम्ही पाच दिले, मी पाच परत केले. ओळखून घ्यायचं काम तुमचं होतं."

ते उंबऱ्यातच उभे राहिले. मग एकदम मऊ झाले. मेहुणीचं लग्न ठरलं आहे, म्हणाले. जूनमध्ये शाळेतली जागा मोकळी होते. दोन माद्या द्या आणि जागा तुमची.

बाळांनो, मला ती जागा तेव्हाही तितकीच हवी होती. मी आत माठाकडे पाहिलं, हंडीकडे पाहिलं. म्हटलं, "जागा अशी नको. क्लबच्या त्याच हॉलमध्ये, त्याच खुर्च्यांसमोर सांगा की पिल्लं कुणी काढली. मग माद्या काय, आख्खी हंडी उचलून देते."

त्यांनी तोंड फिरवलं. हे ते करणार नाहीत हे मला ठाऊक होतं. मागून सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "सायबानूं, पाणी तरी घ्या," त्या म्हणाल्या. "माठातलंच हाय, थंडगार." ते पाणी न पिता गेले.

शाळेची जागा गेली. कायमची. त्या शाळेत मी कधी शिकवलं नाही. आजोबांच्या ऑर्डरचं मला भय वाटत होतं, पण ती अडवली असती तर मुंबईच्या पाहुण्याच्या त्या प्रश्नाचं उत्तर वसाहतीत सगळ्यांनी मिळून शोधलं असतं, आणि हे साहेबांनाही कळत होतं. ऑर्डर निघाली. तुम्ही विचाराल, आजी, राग गिळून जागा घेतली असतीस तर? विचारा. माझं उत्तर तेच राहील.

त्या उन्हाळ्यानंतर मी मासे वाटायला लागले. ज्याच्याकडे बरणी असेल त्याला एक नर, एक मादी, आणि सोबत वरून कसं बघायचं याचा धडा. आमच्या आळीतल्या प्रत्येक ओट्यावर काचेत मासे आले. मागच्या आळीत गेले, रुळांपलीकडे कॅम्पातही गेले. शाळेची मुलं संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसून अंड्यातून पिल्लू निघताना पाहत. फक्त बंगल्यात मी एकही मादी जाऊ दिली नाही. कुणी मासे नेताना मी स्पष्ट सांगत असे की तिकडे द्यायचे नाहीत, आणि का ते विचारलं तर तेही सांगत असे, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच. साहेब रोज कारखान्यात जायचे ते याच ओट्यांवरून.

पुढे त्यांची बदली झाली. सामान ट्रकमधून गेलं, पण टाकी त्यांनी जीपमध्ये स्वतःच्या मांडीवर घेतली होती, पाणी अर्धं करून, झाकण काढून. जीप आमच्या आळीतून गेली तेव्हा मी आणि सासूबाई ओट्यावर उभ्या होतो. ओटा चांगला उंच होता. मी वाकून पाहिलं. पाचही सडपातळ.